खैराची खुंटी

"बाई, फळी बसंना झालीया."

हणमव्वानं हे मला सकाळी नऊ वाजता सांगितलं आणि मी ते कानाआड केलं. दहा वाजता ती पुन्हा आली. तेव्हा मी म्हणाले, "मग दुसरी घे की. फळ्यांचा काय दुष्काळ पडलाय?"

मागच्या बायका हसल्या. हणमव्वा हसली नाही. डोक्यावरचं रिकामं घमेलं उतरवून ती माझ्यासमोर तशीच उभी राहिली.

"फळी तीच हाय. आठ दिस तीच वापरतुया. मधली जागाच कमी झालीया."

"म्हणजे जमीन आक्रसली म्हणतेस?"

"आता ते तुमी बगा. शिकल्याली तुमी."

ही एकोणीसशे शहाऐंशी सालची गोष्ट. मी सत्तावीस वर्षांची होते. स्थापत्याची पदविका घेऊन पाच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढली होती, आणि हिंदुराव इंगवल्यांच्या ओतकामाच्या कारखान्याची शेड हे माझ्या स्वतःच्या नावावरचं पहिलं काम होतं. कोल्हापूर सोडून पंचगंगेचा पूल ओलांडला की उजव्या हाताला तेव्हा नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. रस्ते आखलेले, पण दिवे नव्हते. प्लॉटच्या पाट्या होत्या, पण बहुतेक प्लॉटांत अजून हरभराच उभा होता.

काम काय होतं ते आधी सांगते, म्हणजे हणमव्वाचं म्हणणं कळेल. शेडला लोखंडी खांबांच्या दोन समांतर ओळी. एकेका ओळीत सात खांब. प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा पाया आणि त्यात आधीच रोवून ठेवलेले बोल्ट. खांबांच्या माथ्यावर दोन्हीकडे रूळ, आणि त्या रुळांवरून शेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरणारी दहा टनांची क्रेन. वितळलेल्या लोखंडाची बादली तीच उचलणार होती. त्यामुळे दोन ओळींमधलं अंतर पहिल्या खांबापासून सातव्यापर्यंत अगदी सारखं पाहिजे. अर्ध्या बोटाचा फरक पडला तरी क्रेन अडकते. ती क्रेन तिकडे पुण्यात तयार होऊन पडली होती आणि तीन आठवड्यांत यायची होती.

पहिली ओळ पुरी झाली होती. दुसऱ्या ओळीचे पाये लांबच्या टोकापासून एकेक करत आम्ही ईशान्येच्या कोपऱ्याकडे येत होतो. रोज एक पाया. मिक्सर पहिल्या ओळीकडे होता आणि मधल्या काळ्या जमिनीत घोटाभर चिखल झाला होता. म्हणून बायका दहा-दहा फुटी पाच फळ्या टोकाला टोक लावून टाकत आणि डोक्यावर घमेली घेऊन त्यांच्यावरून चालत. पाच फळ्या म्हणजे पन्नास फूट. दोन ओळींमधलं मोकळं अंतर नेमकं तेवढंच होतं.

"मागल्या मंगळवारी फळ्या नीट बसल्या," हणमव्वा म्हणाली. "गुरुवारी शेवटची फळी चार बोटं पायाच्या लाकडी पेटीवर चढली. मी म्हणलं, आमच्याच पोरींनी वाकडी टाकली आसंल. आज वीतभर चढलीया."

वीत म्हणजे नऊ इंच. मी दस्तगीर मिस्त्रींना हाक मारली.

दस्तगीर मिस्त्री साठीला आले होते. निम्म्या कोल्हापुरातल्या गिरण्या आणि गुऱ्हाळघरं त्यांच्या हाताखालून गेली होती. पोरीच्या हाताखाली काम करायला कुणी जुना मिस्त्री तयार होईना, तेव्हा ते आपण होऊन माझ्याकडे आले होते. "मला मापाशी मतलब, बाई. माप सांगणारं कोण, हे बघायची मला सवय न्हाई," एवढंच ते म्हणाले होते.

आम्ही टेप धरला. ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे त्या दिवशी शेवटचा पाया भरायचा होता, तिथे अंतर एकोणपन्नास फूट तीन इंच भरलं. टेप उलटा करून पुन्हा मोजलं. तेवढंच. मग एकेक पाया मागे जात मोजला. दर खांबाला दीड-दीड इंच वाढत जाऊन लांबच्या टोकाला बरोबर पन्नास फूट. दुसरी ओळ सरळच होती, पण तिरकी गेली होती. सहातले पाच पाये चुकीच्या जागी ओतून, दगडासारखे कडक होऊन बसले होते.

मिस्त्री खाली बसले. त्यांनी कोपऱ्यातल्या खुंटीकडे पाहिलं. मीही पाहिलं. खैराची जाड खुंटी, वर हळदीकुंकू, गळ्यात सुकलेला झेंडू. ओळीची दोरी तिलाच बांधलेली होती.

"हितं तुमची लोखंडाची सळी हुती न्हवं?" मिस्त्री म्हणाले. "मी नातीच्या लग्नासनं आलो तवा ही एकच खुंटी हुती. पूजेची. मी म्हणलं बाईंनी आपल्याच खुंटीची पूजा घातली आसंल. समदीकडं तसंच करत्यात की. देवाची म्हणून हलवलीबी न्हाई, तिलाच दोरी बांधली. सळी कुठं गेली?"

"बघावं लागेल," मी म्हणाले.

बघावं काही लागणार नव्हतं. कोपऱ्याची खूण म्हणून मीच मोजून ठोकलेली ती सळी माझ्या ऑफिसच्या पत्र्याच्या खोलीत दाराआड उभी होती आणि ती तिथे कशी आली हे मला पक्कं ठाऊक होतं.

भूमिपूजनाच्या दिवशी हिंदुरावांच्या आई, आक्का, पूजेला बसल्या होत्या. पंचाहत्तरीच्या, ठेंगण्या, कपाळभर कुंकवाच्या जागी गोंदण उरलेल्या. घरात शेवटचा शब्द त्यांचा. भटजींनी ईशान्येच्या कोपऱ्यात रांगोळीचा चौक काढला, आक्कांनी गावाकडून आणलेली खैराची खुंटी हातात घेतली आणि त्यांचं लक्ष शेजारच्या माझ्या सळीकडे गेलं. "लोखंड नगं देवापाशी. काढ ती," त्या म्हणाल्या. चार-पाचशे माणसं जमलेली. पहिलं काम, मालकाची आई. मी वाकले आणि माझ्या हातानं सळी उपटली. म्हटलं, अर्ध्या तासात परत ठोकू. आक्कांनी चौकाच्या मधोमध खैराची खुंटी रोवली. माझ्या सळीच्या भोकापासून ती बरोबर एक वीत आत होती.

पूजा झाल्यावर वर्तमानपत्राचा फोटोग्राफर आला. त्याला जिल्ह्यातल्या पहिल्या महिला कंत्राटदाराचा फोटो पाहिजे होता. मी डोक्यावर हेल्मेट घालून, हातात नकाशा उघडून, नजर लांब कुठेतरी लावून उभी राहिले. नकाशा उलटा धरला होता हे मला दुसऱ्या दिवशी छापून आल्यावर कळलं. तरी मी त्या अंकाच्या दहा प्रती विकत घेतल्या. सळी माझ्या लुनाच्या पिशवीतून घरी गेली, घरून परत ऑफिसात आली आणि दाराआड राहिली. पूजेनंतर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं माप, म्हणजे कर्ण, एकदा घेतला असता तरी चूक तिथल्या तिथे सापडली असती. मी तो पूजेआधी घेतला होता. परत घेतला नाही.

मिक्सर बंद झाला. बायका सावलीला बसल्या. हिंदुराव चार वाजता येणार होते.

दुपारी भाकरी खाताना मिस्त्री माझ्याजवळ येऊन बसले. "बाई, ऐका. दोरी मी बांधली. साहेबांस्नी मी सांगतो. माझं वय झालं, मला कोण काय बोललं तर आंगाला लागत न्हाई. तुमचं पयलंच काम हाय. ह्यात तुमचं नाव गेलं तर पुन्ना हितं तुमास्नी कोण उभं करणार न्हाई."

ते खरं होतं. हिंदुरावांना सगळ्यांनी सांगितलं होतं की बाईच्या हातात शेड देऊ नका. हे काम हातातून गेलं असतं तर वसाहतीतल्या तीसच्या तीस प्लॉटवाल्यांपर्यंत ती गोष्ट संध्याकाळपर्यंत पोचली असती, आणि मी परत कुणाच्या तरी ऑफिसात नकाशे गिरवत बसले असते. मला ते करायचं नव्हतं. मला शेडच बांधायच्या होत्या.

मी मिस्त्रींना हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. भाकरीचा तुकडा मोडत राहिले. त्यांना काय समजायचं ते ते समजले.

चारला हिंदुराव आले. उंच, दणकट माणूस, पायात करकरत्या चपला. माप त्यांनी स्वतः घेतलं. मग टेप गुंडाळत विचारलं, "दोरी कुणी बांधली?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"किती वर्सं झाली ह्या धंद्यात?"

"चाळीस हुतील."

"चाळीस वर्सांत खुंटी वळखू येत न्हाई? क्रेन काय हवेत उभी करू?" त्यांनी आवाज चढवला नाही, पण सगळ्या बायका ऐकत होत्या. "उद्यापास्नं येऊ नका. आन् मॅडम, तुमी दुसरा मिस्त्री बघा. पाये फोडा, नवे भरा. काम तुमच्याकडंच ऱ्हाऊ दे."

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. त्या एका क्षणाची मला आजही लाज वाटते आणि ती वाटायलाच पाहिजे.

मिस्त्रींनी दोरी सोडली, चिखल पुसत पुसत लाकडी रिळावर गुंडाळली. ओळंबा, थापी, गुण्या असं एकेक करून पिशवीत ठेवलं. पिशवी खांद्याला लावून माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, नवीन आखणी केल्यावर कर्ण घ्यायला इसरू नगासा."

एवढंच. त्यांना टोमणा मारायचा नव्हता. काम नीट व्हावं म्हणून सांगत होते.

"साहेब," मी म्हणाले. "मिस्त्रींची चूक नाही. त्या कोपऱ्यातली सळी मी काढली होती. पूजेच्या दिवशी, माझ्या हातानं. परत ठोकायची राहिली. मिस्त्री त्या दिवशी इथं नव्हतेच."

हिंदुराव वळले. "तुमी काढली?"

"हो."

"का काढली?"

आता त्यांच्या आईचं नाव कसं घ्यायचं? म्हाताऱ्या बाईनं श्रद्धेनं सांगितलेली गोष्ट. ती ढाल म्हणून पुढे करायची म्हणजे मिस्त्रींच्या आड लपण्यापेक्षा काही वेगळं नव्हतं.

"काढली," मी म्हणाले.

"का, ते इचारतोय मी."

"सांगण्यासारखं कारण नाही, साहेब."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिस्त्रींकडे. "उद्या सकाळी आठला हितं या. दोघंबी," म्हणून ते गाडीत बसून निघून गेले.

गाडीची धूळ बसायच्या आत मिस्त्री माझ्यावर तडकले. "कशापायी बोललासा? मिटलं हुतं की समदं."

"तुमच्यावर ढकलून?"

"मी माझ्या मर्जीनं घेतलं हुतं."

"बरं झालं बोलल्या," मागून हणमव्वा म्हणाली. ती घमेली धुऊन एकात एक रचत होती. "न्हाईतर मी बोलणार हुतो."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी आलो, मी बसलो. मी दचकले ती त्या 'हुतो'नं नाही, 'बोलणार'नं.

"तू काय बोलणार होतीस?"

"तुमी सळी उपटली ती बगितली की मी. पूजेच्या दिशी पेढ्यांची पाटी माझ्याच डोक्यावर हुती."

"मग सकाळीच का नाही सांगितलंस?"

"तुमी सांगताय का ते बगत हुतो," ती म्हणाली आणि घमेल्यांची चवड उचलून चालू लागली.

दुसऱ्या दिवशी मी साडेसातलाच पोचले. हिशेब मनाशी करून ठेवला होता. काम गेलं तर दस्तगीर मिस्त्रींना ठेवून घ्या एवढं मागायचं आणि निघायचं. मिस्त्री आधीच आले होते, पण पिशवी खांद्यावरून उतरवली नव्हती. हणमव्वा आणि बायकाही आल्या होत्या, जरी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"काम तुमी करा न्हाईतर दुसरं कोण करू दे," मिस्त्री म्हणाले, "ही खुंटी काढल्याबिगर पाया पडत न्हाई. आन् तिला हितलं एकबी माणूस हात लावणार न्हाई. मी तर लावणार न्हाईच. दुसऱ्याचा देव हाय, आपण कसं हलवायचं?"

आठला गाडी आली. हिंदुरावांच्या आधी मागच्या दारातून आक्का उतरल्या. हातात तांब्या आणि कुंकवाची कुयरी. त्या चिखलातून सरळ माझ्याकडे आल्या. चपला चिखलात रुतल्या तेव्हा त्या तिथेच सोडल्या आणि अनवाणी पुढे आल्या.

"काल ह्यो घरात येऊन सांगाय लागला," त्या मुलाकडे हात करून म्हणाल्या, "पोरीनं सळी काढली, का काढली ते सांगंना. मी म्हणलं, ती कशाला सांगंल? मला इचार की. मी काढाय लावली."

हिंदुराव लांब कुठेतरी बघत उभे होते. त्या दणकट माणसाला आईपुढे कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं.

"तुमचं नाव कसं घेणार, आक्का?" मी म्हणाले.

"नाव नगं घिऊस. ते बरं केलंस. पर त्या दिशी मला न्हाई का न्हाई म्हणलीस?"

मी चिखलात रुतलेल्या त्यांच्या चपला आणायला वळले, तर त्यांनी मला हाताला धरून थांबवलं.

"मला काय ठावं, तुझ्या सळीवर शेड उभी हाय? माझ्या मनात आलं, मी बोललो. तुला ठावं हुतं. तू म्हणायचंस, आक्का, ही काढता येत न्हाई. तुमची खुंटी शेजारी रोवा. मी काय तुला खाल्ली असती?"

बायकांत कुणीतरी फिसकन हसलं. आक्कांनी तिकडे पाहिलंही नाही.

"तुला ह्ये काम का दिलं, म्हाईत हाय?"

"नाही."

"तू पयल्यांदा घरी आलीस तवा मी माजघरात बसलो हुतो. ह्येनं कागद दावला. भट्टी हितं, दार हितं. तुझ्या आधी दोघं कंत्राटदार येऊन गेलते. दोघंबी व्हय साहेब, व्हय साहेब करून च्या पिऊन गेले. तू म्हणलीस, दार हितं ठिवलं तर पावसाचं पाणी भट्टीत शिरंल, मी आसं बांधणार न्हाई. ह्येला राग आलाता. मी ह्येला म्हणलं, काम हिलाच दे. ह्या पोरीला न्हाई म्हणता येतंय." त्या थांबल्या. "आन् मलाच व्हय म्हणलीस व्हय गं?"

पाच वर्षं मी समजत होते की माझं घोडं या नाही म्हणण्यावरच अडतं. बाईनं इतकं उलट बोलू नये, गोड बोललं की कामं मिळतात, असं मला सगळेच सांगत आले होते, आणि काम मिळाल्या मिळाल्या मी ते ऐकलंही होतं. मला काम गोड बोलण्यानं मिळालंच नव्हतं.

आक्का खुंटीपाशी गेल्या. तांब्यातलं पाणी तिच्यावर सोडलं, खाली बसून कपाळ टेकलं आणि दोन्ही हातांनी खुंटी हलवायला लागल्या. ती घट्ट बसली होती. हिंदुराव पुढे झाले तसं आक्कांनी त्यांना हातानंच मागे सारलं. चार-सहा हिसके दिल्यावर ती निघाली.

"देवाला काय, वीतभर सरकायला जड जात न्हाई," त्या धापा टाकत म्हणाल्या. "कुठाय तुझी सळी?"

मी धावत जाऊन दाराआडची सळी आणली. मिस्त्रींनी खांद्यावरची पिशवी उतरवली, रीळ काढलं, टेप काढला. हिंदुराव त्यांच्याजवळ गेले आणि टेपचं दुसरं टोक स्वतःच्या हातात घेतलं. "चला मिस्त्री, कुठं धरू सांगा," म्हणाले. माफी मागायची त्यांची रीत तेवढीच होती, आणि मिस्त्रींना ती पुरली. दोन्ही कर्ण जुळले तशी मिस्त्रींनी हातोड्यानं सळी ठोकली. आक्कांनी कुयरी उघडली आणि त्या लोखंडावर हळदीकुंकू वाहिलं. खैराची खुंटी त्यांनी माझ्या हातात दिली. ती कुठे ठेवायची ते सांगितलं नाही.

पाच पाये छिन्नी-हातोड्यानं फोडायला आठ दिवस लागले आणि नवे भरून पक्के व्हायला आणखी वीस. क्रेनवाल्यांना हिंदुरावांनी तार करून तारीख पुढे ढकलली. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी हणमव्वा पाच फळ्या टाकून बघायची आणि मला सांगायची, "बसली." ती सांगेपर्यंत मी मिक्सर सुरू करू देत नसे.

क्रेन उभी राहिली त्या दिवशी हिंदुरावांनी बटणांची पेटी माझ्या हातात दिली. मी ती हणमव्वाला दिली. तिनं पदरानं हात पुसले आणि बटण दाबलं. क्रेन निघाली ती सरळ एकशे वीस फूट जाऊन थांबली. कुठे घासली नाही. परत आली. मिस्त्री खालून, मान वर करून, तिच्याबरोबर चालत होते, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत.

त्यानंतर मी सत्तर-ऐंशी शेड बांधल्या. वसाहतीतल्या उद्योजकांनी मला त्यांच्या संघाची अध्यक्ष केलं तेव्हा मी पहिल्यांदा रस्त्यांवर दिवे आणि बायकांसाठी स्वच्छतागृहं करून घेतली. पुढे माझ्या गावच्या नगरपालिकेला उभी राहिले, निवडून आले, पाच वर्षं नगराध्यक्ष होते. सत्कारात लोक विचारतात, एक बाई असून हे कसं जमलं? मी काहीबाही बोलते. खरं उत्तर असं आहे की मला वेळेवर चार माणसं भेटली. माझी चूक स्वतःच्या अंगावर घेणारे एक. माझं तोंड उघडेपर्यंत थांबून बघणारी एक. कानउघाडणी करून काम परत हातात देणारी एक. आणि आईसमोर गप्प बसायची अक्कल असलेले एक. त्यांचं ऋण मला या जन्मात फिटणारं नाही, आणि ते फिटावं असंही वाटत नाही.

आक्का शेडचं उद्घाटन बघून तिसऱ्या वर्षी गेल्या. दस्तगीर मिस्त्री माझ्याबरोबर आणखी बारा वर्षं होते. आमच्या कंपनीत तेव्हापासून एक रीत आहे. भूमिपूजनानंतर दोन्ही कर्ण पुन्हा मोजल्याशिवाय पेढे वाटत नाहीत. नवे इंजिनिअर हसतात. मोजतात मात्र.

नगराध्यक्ष असताना वडारवस्तीच्या पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन होतं. ती टाकी व्हावी म्हणून तिथं राहणाऱ्या हणमव्वानं माझ्या ऑफिसचे उंबरे झिजवले होते. ती पुढच्या रांगेत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होती, काठी गुडघ्यावर आडवी. राजधानीतून मोठे पाहुणे आले होते. त्यांचा सहायक माझ्या कानाशी आला.

"मॅडम, ही लोखंडी सळी साहेबांच्या फोटोत येतेय. पाच मिनिटं काढून ठेवूया."

"नाही," मी म्हणाले.

"पाचच मिनिटांचा प्रश्न आहे. साहेबांना बरं नाही वाटणार."

"ती तिथंच राहील. फोटो दुसऱ्या बाजूनं घ्या."

तो पाहुण्यांकडे गेला, काही कुजबुजला. पाहुण्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा सळीकडे पाहिलं आणि दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले.

हणमव्वा शेजारच्या बाईला, मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "आता बाईला न्हाई म्हणाय येतंय."

पूजा झाली. मी तिला हात देऊन उठवलं, टेपचं एक टोक तिच्या हातात दिलं आणि दुसरं घेऊन मी समोरच्या कोपऱ्यात गेले. दोन्ही कर्ण सारखे आले. मग आम्ही पेढे वाटले.